बाण अडवायची जागा

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या परसात जे पांढरं, गेरूच्या पट्ट्याचं, वर छोटंसं लाकडी छप्पर असलेलं काहीतरी उभं आहे, ते देऊळ नाही. स्तूपही नाही. त्याच्या पोटात आमच्या गल्लीतल्या सात घरांचे जुने कपडे आहेत आणि ते मी बाण अडवायला बांधलं आहे. आजवर निदान दोनशे माणसांना मी हे सांगितलं असेल. दोनशेही जणांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मग त्याला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घातली.

या सगळ्याचं मूळ एका गाण्यात आहे.

आमच्या भूतानात ज्याला धनुष्य पेलतं तो तिरंदाज असतो, आणि ज्याला पेलत नाही तो सल्लागार असतो. दर वर्षी आमचा जनावरांचा दवाखाना आणि बांधकाम परवानगीची कचेरी यांचा सामना होतो. मी दवाखान्यात नोंदणी कारकून आहे. खोऱ्यातल्या प्रत्येक गाईचं नाव माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, तेव्हा मी अगदीच कोणी ऐरागैरा नाही. पण गेल्या वर्षीच्या सामन्यात माझा बाण फळीला लागला नाही. त्याचं कोणी काही मनावर घेतलं नसतं. जवळपास दीडशे मीटरवर दीड वीत रुंदीची फळी, ती भल्याभल्यांची चुकते. माझा बाण मात्र वाऱ्यावर असा काही वळला की थेट कचेरीवाल्यांच्या जेवणाच्या तंबूत शिरला आणि मिरच्या-चीजच्या उकळत्या पातेल्यात उभा राहिला.

समोरच्या बाजूच्या बायकांनी तिरंदाजाची टिंगल करायची, हा आमच्याकडे खेळाचाच भाग आहे. त्या नाचतात, गातात, नेम धरताना तुमच्या नाकावर, चालीवर, सासूवर बोलतात. ते तिथल्या तिथे विसरायचं असतं. पण कचेरीवाल्या बायकांनी त्या दिवशी जे जुळवलं ते कोणी विसरलंच नाही:

नाडोचा गं बाण सुटला, कुठं जाऊन बसला?
फळी राहिली बाजूला नि मिरच्यांमधे घुसला!

नाडो म्हणजे मी. गाण्याचा सूर फार गोड आहे, हेच माझं दुर्दैव. वर्षभर ते मला पोस्टातल्या खिडकीतून, भाजीबाजारातून आणि एकदा तर गाईला इंजेक्शन देताना आमच्याच कंपाउंडरकडून ऐकावं लागलं. शेवटी एक दिवस माझी बायको सेल्देन लोण्याचा चहा घुसळता घुसळता गुणगुणायला लागली.

"सेल्देन, काय गुणगुणतेस?"

"कुठे काय?"

"ते 'कुठे काय' मला पाठ आहे."

"अरे, घुसळायला बरं पडतं ते," ती म्हणाली. "ठेका चांगला आहे."

यंदा सामन्याला सहा आठवडे राहिले तेव्हा आमचे कप्तान डॉक्टर थुजी यांनी मला बोलावलं आणि रेड्याच्या पायाला पट्टी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाडो, यंदा तू चहाचं बघशील का?"

तिरंदाजाला चहाचं बघायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याला सांगितलं गेलंय त्यालाच कळतं. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, एक संधी द्या. फळीला एक बाण लावून दाखवतो."

डॉक्टरांनी रेड्याकडे पाहिलं. रेड्याला ते पटलेलं दिसलं नाही. पण डॉक्टर मनाचे मऊ. म्हणाले, "एक बाण. दिवसभरात एकही लागला नाही तर पुढल्या वर्षापासून चहा, पानसुपारी आणि सतरंज्या. कायमच्या."

एक बाण लागला की मी संघात राहतो आणि ते गाणं मरतं. नाही लागला तर मी चहाची किटली घेऊन फिरणार आणि माझ्या मागून ते गाणं फिरणार. इतका सरळ मामला होता.

मैदानावर सराव करायची सोय नव्हती. मी धनुष्य घेऊन गेलो की पोरंसोरं गायला लागत. म्हणून परसात सराव करायचा ठरवला. माझं परस वीस पावलांचं आहे. दीडशे मीटरचा नेम वीस पावलांत शिकता येत नाही, पण हात कसा स्थिर ठेवायचा, दोरी कशी सोडायची, हे येतं. अडचण एकच. परसाच्या पलीकडे बुटकी भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची गाय. बाण अडवायला काहीतरी हवं होतं. दुकानात फोमचा ठोकळा मिळतो, त्याची किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं की यात तिरंदाजही येतो का. तो हसला नाही. मग मी स्वतःच काहीतरी स्वस्तातलं करायचं ठरवलं, आणि इथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही.

गाय होती आप लेथोंची. 'आप' आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात, आणि लेथो त्या मानाला जागण्यासाठी दिवसभर सल्ले देतात. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. त्यामुळे जगात वळण नसलेला रस्ता नाही आणि उपाय नसलेली अडचण नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

"पेंढा!" ते भिंतीवरून म्हणाले. "नुकती कापणी झालीय, फुकट मिळेल. घट्ट बांध, उभा कर, मार बाण. तुला कोणी शिकवलंच नाही का रे काही?"

मी चोवीस पेंढ्या घट्ट बांधून भिंतीला लावल्या. पहिला बाण मारला. तो पेंढ्यातून आरपार गेला आणि भिंतीच्या मातीत रुतला. दुसराही. तिसरा भिंतीवरून गेला आणि पलीकडून आप लेथोंचा आवाज आला, "जरा सैल बांधलास!" मी पुन्हा आवळून बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझा आडोसा निम्मा झालेला, आणि उरलेल्या निम्म्याशेजारी आप लेथोंची गाय डोळे मिटून रवंथ करतेय.

दुपारपर्यंत तिचं पोट फुगलं. आप लेथो तिला घेऊन कुठे येणार? दवाखान्यात. नोंद कोण करणार? मी. 'आजाराचं कारण' या रकान्यासमोर मी दहा मिनिटं पेन धरून बसलो होतो. खरं लिहावं तर 'कारकुनाची तिरंदाजी' असं लिहावं लागलं असतं. शेवटी 'अतिसेवन' लिहिलं. गाय संध्याकाळी ठणठणीत झाली. आप लेथोंनी मला दोन दिवस सल्ला दिला नाही, आणि तो मला फार मोठा दंड वाटला, कारण त्या दोन दिवसांत मला काहीच सुचलं नाही.

सुचलं ते सेल्देनला. "कपडे भर," ती म्हणाली. "तुझा तो जाडजूड अंगरखा, जुना घो, शिवायला घेतला की त्यात सुई जात नाही. बाण कसा जाईल?"

बारा वर्षांच्या संसारात मी तिच्या बुद्धीला कमी लेखत आलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं. तिला ते आधीपासून माहीत होतं.

गल्लीतल्या सात घरांतून मी जुने कपडे गोळा केले. प्रत्येक घराने कपड्यांबरोबर एकेक सूचना दिली, आणि एका घराने पोतं परत आणून द्यायची अट घातली. आप लेथोंचा राग एव्हाना गेला होता. त्यांनी दोन गच्च पोती दिली, एक निळ्या दोरीने बांधलेलं. "आईच्या पेटीतली आहेत," ते हळूच म्हणाले. "पेटीत उंदीर झालेत. तिला विचारत बसू नकोस." त्यांच्या जुन्या ट्रकच्या फळ्यांची, भिंतीपासून चार पावलं अलीकडे, पुरुषभर उंच पेटी केली, तिच्यात पोती ठोकून ठोकून बसवली आणि पुढून तरटाचा पडदा ताणला.

पहिला बाण मारला. धप्प!

काय सांगू! बाण निम्मा आत आणि निम्मा बाहेर, थरथरत उभा. दुसरा मारला, धप्प. तिसरा, धप्प. मी त्या दिवशी तीस बाण मारले आणि तीसच्या तीस एका ताटाएवढ्या जागेत लागले. मी ओरडलो, सेल्देन धावत आली, आप लेथो भिंतीवर चढले. मला इतका आनंद झाला की मी एकट्यानेच फेर धरून तो नाच केला, जो फळीला बाण लागल्यावर अख्खा संघ मिळून करतो.

नाचात गिरकी घेताना मला फाटकात उभे असलेले जुर्मेसाहेब दिसले.

जुर्मे म्हणजे बांधकाम कचेरीचे तपासनीस. हातात फीत, काखेत फाईल. आणि हेच जुर्मे कचेरीच्या संघाचे सगळ्यात पट्टीचे तिरंदाज. त्यांनी नाच संपेपर्यंत वाट पाहिली. सभ्य माणूस.

"हे काय बांधलंय, नाडो?"

"बाण अडवायची जागा."

त्यांनी फाईल उघडली. "रकाने तीन आहेत. घर, भिंत, गोठा."

"यातलं काहीच नाही ते."

"मग हे बांधकाम अस्तित्वातच नाही," जुर्मे म्हणाले, "आणि अस्तित्वात नसलेलं बांधकाम पाडावं लागतं." ते फीत लावून मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांच्या नाकातून सूर निघायला लागला. कोणता ते सांगायला नको.

"साहेब, 'इतर' म्हणून नाही का लिहिता येणार?" आप लेथो भिंतीवरून म्हणाले.

"'इतर'ला वरच्या साहेबांची सही लागते. साहेब तिरंदाजीच्या सरावाला गेलेत. सामना होईपर्यंत रोज जाणार आहेत." मग त्यांना माझी दया आली असावी. "भिंत म्हणून घालू या. पण रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला परंपरेचं रूप हवं. पांढरा चुना, वर गेरूचा पट्टा, त्यावर लाकडी छप्पर. आठ दिवसांत करा. आणि रंग वाळेपर्यंत, बरं का नाडो, त्यावर बाण मारू नका. डाग पडतात."

त्यांना माझा सराव बंद पाडायचा होता, असा आरोप मी करणार नाही. मी फक्त एवढं सांगतो की जाताना ते फाटकापर्यंत गात गेले.

मी हट्टाला पेटलो. सुतार आणला, छप्पर घातलं, स्वतःच्या हाताने चुना मारला, गेरूचा पट्टा ओढला. सेल्देन म्हणाली, "नाडो, हे जरा वेगळंच दिसायला लागलंय." मी म्हणालो, "परंपरेचं रूप आहे." मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण ते दिसत होतं मात्र झकास.

चौथ्या दिवशी रंग वाळला. मी पहाटे धनुष्य घेऊन बाहेर आलो, दोरी ओढली, आणि बाणाच्या टोकासमोरून एक म्हातारी गेली. हातात फिरतं प्रार्थनाचक्र, ओठांवर मंत्र. ती छपरामागे गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि पुन्हा माझ्या बाणासमोरून गेली.

ती अंगे पेमो होती, आप लेथोंची आई. 'अंगे' म्हणजे आजी. वय त्र्याऐंशी. टेकडीवरच्या देवळाची चढण तिला दोन वर्षं झेपत नव्हती, म्हणून ती खिडकीत बसून असायची, आणि खिडकीतून तिला माझी भिंत दिसली होती.

"नाडो," ती न थांबता म्हणाली, "माझ्या पोटच्या पोराला सुचलं नाही ते तुला सुचलं. मला वाटायचं, तुला फक्त पातेल्यात बाण मारता येतो."

"अंगे, हे तसलं काही नाही हो. आत जुने कपडे आहेत."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे. तुमच्या घरचीही दोन पोती आहेत."

तिचं प्रार्थनाचक्र थांबलं. "एक निळ्या दोरीचं?"

"हो."

"त्यात माझ्या थोरल्या दादाची वस्त्रं आहेत. चाळीस वर्षं मठात होता तो."

भिंतीपलीकडे आप लेथोंचं डोकं एकदम खाली गेलं. माझ्या कानात ते सगळे धप्प धप्प पुन्हा वाजायला लागले. एका भिक्षूच्या वस्त्रांत मी मोजून बाण मारले होते! हा हिशोब कोणत्या जन्मी फिटणार? मी धनुष्य खाली ठेवलं आणि कबूल करून टाकलं. "अंगे, मी त्यात तीस बाण मारलेत."

ती एक पाऊल जवळ आली. "लागले?"

"सगळे. एकाच जागी."

"तू मारलेले? एकाच जागी?" तिचे डोळे भरून आले. "बघितलंस, माझ्या दादाचं पुण्य केवढं होतं ते!"

दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी चार म्हाताऱ्या आल्या, तिसऱ्या दिवशी अकरा. मी धावत संघाच्या ज्योतिष्याकडे गेलो; आमच्याकडे प्रत्येक संघाला एक असतोच. त्याने पंचांग चाळलं आणि सांगितलं की वस्त्रं बाहेर काढायला हरकत नाही, पण चांगला दिवस सामन्यानंतर दोन दिवसांनी आहे. तोवर हात लावायचा नाही, बाण तर नाहीच नाही.

उरलेले साडेतीन आठवडे माझं धनुष्य खुंटीला होतं. सराव काय केला असेल तर चालण्याचा. अंगे पेमो रोज पहाटे माझं दार वाजवायची. "चल, माझा गुडघा दुखतोय, हात धर." एका हाताने तिला धरून मी एकशे आठ प्रदक्षिणा घालायचो. पहिले काही दिवस मी मनातल्या मनात तिच्यावर, जुर्मेवर आणि निळ्या दोरीवर चिडायचो. मग लक्षात आलं की तिचा हात आधी थरथरायचा, तो आता थरथरत नाही. खिडकीत बसून बसून सुकलेली म्हातारी गालांवर लाली घेऊन आप लेथोंना सल्ले द्यायला लागली होती. मला फार बरं वाटलं. सामन्याचं काय व्हायचं ते होवो, असंही एकदोनदा वाटलं, पण तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी गात जायचं आणि माझा सगळा वैराग्यभाव उतरायचा.

सामन्याच्या दिवशी कचेरीवाल्या बायका ओळीने उभ्या राहिल्या आणि मी मैदानात पाय ठेवताच त्यांनी ते गाणं सुरू केलं. यंदा त्यात टाळ्याही होत्या. माझे पहिले दहा बाण कुठे गेले ते विचारू नका. पातेल्यात नाही गेले, कारण कचेरीवाल्यांनी यंदा तंबू मागे हलवला होता. डॉक्टर थुजी माझ्याजवळ आले आणि त्यांनी चहाच्या किटलीकडे पाहिलं.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला आप लेथोंच्या पुतण्याचा टेम्पो थांबला आणि त्यातून अकरा म्हाताऱ्या उतरल्या. पुढे अंगे पेमो. जुर्मे नेम धरून उभे होते.

"जुर्मे, बाळा!" ती इतक्या जोरात ओरडली की मैदान गप्प झालं. "फीत आणलीस का? आधी अंतर मोजून घे! बाणाला छप्पर घातलंस का? वरच्या साहेबांची सही कुठाय? बिनसहीचा बाण पाडावा लागतो म्हणे!"

अकरा म्हाताऱ्या खो खो हसल्या. मग त्यांनी जी जुनी गाणी काढली, ती पन्नास वर्षांत कोणी मैदानावर म्हटली नव्हती आणि मी ती इथे लिहू शकत नाही. कचेरीवाल्या तरण्या बायका लाजून तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. जुर्मेंचा बाण फळीच्या अलीकडे चिखलात रुतला. "पाडला!" अंगे पेमो म्हणाली.

मग माझी पाळी आली. माझा शेवटचा बाण. कोणी गात नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा मी मैदानावर धनुष्य उचललं आणि कोणी गात नव्हतं! मी श्वास घेतला, पहाटे चालताना घ्यायचो तसा सावकाश, आणि दोरी सोडली.

दीडशे मीटरवरचं इथून नीट दिसत नाही. फळीजवळ उभे असलेले आमचे सोबती क्षणभर स्तब्ध दिसले. मग एकाने हात वर केला, दुसऱ्याने पाय उचलला, आणि ते सावकाश फेर धरायला लागले.

"कोणाचा लागला?" मी विचारलं.

"अरे गाढवा, तुझा!" डॉक्टर ओरडले आणि त्यांनी मला उचललंच. मी रडलो. खोटं कशाला सांगू, कप्तानाच्या खांद्यावर बसून मी घळाघळा रडलो. फळीला बाण लावणाऱ्याला मिळते ती पिवळी पट्टी माझ्या कमरेला खोचली गेली, तेव्हा सेल्देन माझ्यापेक्षा जोरात नाचत होती.

सामना आम्ही हरलो. ते महत्त्वाचं नाही.

महत्त्वाचं हे की एकही माणूस त्या बाणाचं श्रेय मला द्यायला तयार नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे जुर्मे आले. त्यांच्यामागे कचेरीचा अख्खा संघ, अगदी वरच्या साहेबांसकट. जुर्मेंनी फाईलमधून कागद काढून मला दिला. 'इतर' असा चौथा रकाना हाताने आखलेला होता, त्यात 'बाण अडवायची जागा' असं लिहिलेलं होतं, आणि खाली सही होती.

"आता जरा आत येऊ का?" जुर्मेंनी हळूच विचारलं. "पुढल्या आठवड्यात आमचा टपालवाल्यांशी सामना आहे."

अंगे पेमो फाटकातच स्टूल टाकून बसली होती. "या," ती म्हणाली. "पण ते गाणं आता कुठेच म्हणायचं नाही. कधीच. कबूल?"

सगळ्यांनी माना खाली घालून कबूल केलं आणि रांगेने आत शिरले. गाणं मेलं. आता बाजारात कोणी म्हणत नाही, पोस्टात कोणी म्हणत नाही, सेल्देन चहा घुसळताना दुसरंच काहीतरी म्हणते. वस्त्रं काढायचा चांगला दिवस आला आणि गेला. अंगे म्हणाली, राहू दे. मीही राहू दिली. सरावासाठी मला दुसरी जागा बांधायची आहे, अर्ज दिला आहे.

परवा पहाटे अंगेचा हात धरून चालत होतो. नव्वद-एक्याण्णवावी प्रदक्षिणा असेल. धुकं होतं, पाय आपोआप पडत होते, मन अगदी शांत झालं होतं. एकाएकी अंगे पेमो थांबली आणि तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"आई गं! काय झालं?"

"कधीच नाही म्हणजे कधीच नाही," ती म्हणाली. "तूसुद्धा नाही."

तेव्हा कुठे मला कळलं की मघापासून मी काय गुणगुणतोय.